शेणाचा भाव कोण ठरवतं? सोलापूरच्या उदाहरणातून समजून घ्या खताचं अर्थकारण आणि कायदा

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागात डाळिंबाचा बहार धरायची वेळ आली की शेतकरी शेणखताची ट्रॉली शोधायला लागतो. ओळखीच्या गोठ्यावर आधीच सांगून ठेवावं लागतं. उशीर झाला तर ट्रॉली दुसऱ्याच्या बागेत गेलेली असते.

त्याच वेळी शहराच्या हद्दीत म्हशी पाळणारा माणूस रोज सकाळी एकाच चिंतेत असतो. आजचं शेण टाकायचं कुठे? जागा नाही, शेजारी तक्रार करतात आणि गटार तुंबलं की पालिकेची नोटीस येते.

शेण दोन्हीकडे सारखंच आहे. एकीकडे त्यासाठी पैसे मोजले जातात, दुसरीकडे ते कचरा ठरतं. असं का होतं, शेणाची खरी किंमत किती आणि कायदा यात कुठे येतो, ते सोप्या भाषेत बघूया.

सोलापूरला शेणखत इतकं का लागतं?

सोलापूर हा कमी पावसाचा जिल्हा. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बेभरवशाचा. कोरडवाहू शेतीचं संशोधन इथे १९३३ पासून सुरू आहे, ते याच कारणामुळे. अशा जमिनीत सेंद्रिय पदार्थ लवकर संपतात. ते कमी झाले की जमीन पाणी धरत नाही आणि वरून टाकलेलं रासायनिक खतही पुरतं लागू पडत नाही.

त्यात या जिल्ह्यात डाळिंब आहे, द्राक्ष आहे, ऊस आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापूरजवळ केगावला आहे.

आता एक साधं गणित करू. डाळिंबाची लागवड साडेचार मीटर बाय तीन मीटरवर केली तर हेक्टरी साधारण ७४० झाडं बसतात. झाडाला वर्षातून २० किलो शेणखत द्यायचं ठरवलं, तर हेक्टरी जवळपास १५ टन खत लागेल.

एक मोठं जनावर दिवसाला १५ किलो ओलं शेण देतं असं धरू. वर्षाचे झाले साधारण साडेपाच टन. पण ओल्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कुजून खत तयार होईपर्यंत वजन निम्म्याखाली येतं आणि हातात दोन-अडीच टन उरतं. म्हणजे एक हेक्टर डाळिंबासाठी सहा-सात जनावरं लागतात, तीही सगळं शेण एकाच बागेत गेलं तर.

ज्याच्याकडे दोन हेक्टर बाग आहे, त्याच्या दावणीला बारा-चौदा जनावरं क्वचितच असतात. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, दुष्काळात चारा महागला तसा जनावरांचा आकडा कमी झाला. बाग वाढली, गोठा आटला. शेणखताला गिऱ्हाईक मिळतं ते या तफावतीमुळे.

एक टन शेणखताची किंमत किती?

बाजारात भाव ट्रॉलीवर किंवा ब्रासवर ठरतो. पण त्यात खत म्हणून नेमकं काय मिळतं, ते रासायनिक खताच्या दराशी लावून बघता येतं.

नीम कोटेड युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. एक किलो नत्र पडलं साधारण १३ रुपयांना.

डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपये. तिच्यातल्या ९ किलो नत्राचे पैसे वजा केले, तर २३ किलो स्फुरद उरतं आणि ते किलोला साधारण ५४ रुपयांना पडतं. पोटॅशच्या गोणीचा भाव बदलत राहतो. ५० किलोला १,६०० रुपये धरले तर पालाश किलोला ५३ रुपयांच्या आसपास जातं.

आता चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. त्यात सर्वसाधारणपणे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.५ टक्के पालाश असतं. म्हणजे एका टनात ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद, ५ किलो पालाश. वरच्या दराने याची किंमत होते साधारण ४४० रुपये. एका टनाला फक्त ४४०!

हाच हिशोब इतर खतांना लावला तर चित्र बदलतं.

- लेंडीखत (शेळ्या-मेंढ्यांचं): सुमारे ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद, २ टक्के पालाश. टनाला साधारण २,००० रुपये.
- कोंबडखत: सुमारे ३ टक्के नत्र, २.६ टक्के स्फुरद, १.४ टक्के पालाश. टनाला साधारण २,५०० रुपये.

हे आकडे कागदावरचे आहेत. ओलावा, माती, भुसा किती मिसळलाय त्यावर प्रत्यक्ष मूल्य खालीवर होतं. पण तुलना म्हणून ते पुरेसे आहेत.

मग शेतकरी जास्त पैसे का मोजतो?

कारण तो फक्त नत्र-स्फुरद-पालाश विकत घेत नाही. युरियाच्या गोणीत सेंद्रिय कर्ब नसतो, शेणखतात असतो. त्याने जमीन भुसभुशीत राहते, ओल टिकते, जीवाणू वाढतात. ठिबकवर बाग जगवणाऱ्याला दोन पाण्यांतलं अंतर चार दिवसांनी वाढलं तरी मोठा फायदा असतो. पण या फायद्याचा भाव कुठल्याच गोणीवर छापलेला नसतो.

दुसरी गोष्ट अनुदानाची. युरिया इतका स्वस्त दिसतो, कारण त्याच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकार अनुदान म्हणून कंपनीला देतं. गोठ्यातल्या शेणाला असा आधार नाही. त्यामुळे तुलना सुरू होते तेव्हाच शेणखत मागे पडलेलं असतं.

खरा खर्च वाहतुकीचा

शेण एकीकडे कचरा आणि दुसरीकडे सोनं का ठरतं, याचं उत्तर इथे आहे.

तीन टन शेणखताच्या ट्रॉलीत वरच्या हिशोबाने सुमारे १,३०० रुपयांची अन्नद्रव्यं असतात. भरायची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं आणि शेतात पसरायची मजुरी मिळून खर्च याच्या पुढे गेला, की तुम्ही मुख्यतः पाणी आणि माती वाहून आणण्याचे पैसे देताय. ओलं शेण असेल तर हिशोब आणखी बिघडतो. म्हणून शेणखताचा बाजार जवळपासच्या गावांपुरता राहतो. कोंबडखताच्या ट्रकमध्ये तेवढ्याच वजनात पाचपट अन्नद्रव्यं असतात, म्हणून तो लांबूनही परवडतो.

शहरातल्या गोठेवाल्याची अडचण हीच आहे. त्याच्या शेणात काही कमी नसतं. ते ज्या शेताला हवंय, ते शेत परवडेल इतक्या अंतरावर नसतं.

हा प्रश्न धनगर समाजाने फार पूर्वी वेगळ्या मार्गाने सोडवला. माळशिरस, सांगोला या पट्ट्यात पीक निघालं की शेतात मेंढरं बसवायची पद्धत आहे. कळप रात्रभर रानात बसतो, मेंढपाळाला शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. लेंड्या थेट जमिनीवर पडतात आणि मूत्रही तिथेच मुरतं. गोठ्यात हेच मूत्र बहुतेक वेळा वाहून जातं आणि जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो. इथे भरायची मजुरी नाही, भाडं नाही, पसरायचा खर्च नाही. खत स्वतःच्या पायांनी शेतात चालत येतं.

पण चराईची रानं आक्रसली, बागांना कुंपणं पडली, दोन पिकांमधला मोकळा काळ कमी झाला. कळप फिरायला जागा उरली नाही, तर शेतकऱ्याला हेच खत ट्रकने विकत आणावं लागतं.

कायदा काय सांगतो?

शेणासाठी वेगळा असा एकच कायदा नाही. कुठल्या जागी, किती जनावरं आणि शेणाचं पुढे काय होतं, त्यावर नियम बदलतात.

१. मोठे गोठे आणि गोशाळा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जुलै २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांनुसार १५ किंवा त्याहून जास्त जनावरं असतील, तर जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यायची आहे. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. गोठा लोकवस्ती आणि पाण्याच्या स्रोतांपासून अंतरावर असावा, शेण गटारात सोडू नये, त्याचं कंपोस्ट, गांडूळखत किंवा बायोगॅस करावा, असा या सूचनांचा रोख आहे.

१५ जनावरं म्हणजे दिवसाला सव्वादोन क्विंटल शेण, वर्षाला ८० टनांच्या वर. एवढा माल रोज हलवायची सोय नसेल, तर तो कुठेतरी साचणारच.

२. छोटे गोठे

१५ पेक्षा कमी जनावरं असतील तर ही संमती लागत नाही. पण सूट तेवढ्यापुरतीच. जल कायद्याच्या कलम २४ नुसार ओढा, नदी किंवा विहिरीत प्रदूषण करणारा पदार्थ सोडायला मनाई आहे. तिथे जनावरांच्या संख्येची अट नाही. दोन म्हशींचं शेण ओढ्यात ढकलणारा माणूसही त्या कलमात येऊ शकतो.

३. शहरातले गोठे

नागरी भागात गुरं पाळणं आणि त्यांची ने-आण यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा १९७६ चा कायदा आहे. तो ज्या भागांना लागू आहे, तिथे जनावर ठेवायला परवाना लागतो. शिवाय घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घनकचऱ्याच्या व्याख्येत डेअरीचा कचराही धरलेला होता. म्हणजे गावात जे खत असतं, ते शहरात कायद्याच्या भाषेतही कचरा होतं.

४. पोल्ट्री

पोल्ट्रीला आधी एक लाख पक्ष्यांपर्यंत मोकळीक होती. राष्ट्रीय हरित लवादात प्रकरण गेल्यानंतर नियम बदलले. २५ हजारांहून जास्त पक्षी असलेल्या फार्मना १ जानेवारी २०२२ पासून आणि ५ हजार ते २५ हजार पक्ष्यांच्या फार्मना १ जानेवारी २०२३ पासून संमती लागते.

५. खत विकायचं असेल तर

गोठ्यातलं सुटं शेणखत शेजाऱ्याला विकणं हा गावचा जुना व्यवहार आहे. पण तेच ‘गांडूळखत’ किंवा ‘सेंद्रिय खत’ असं नाव छापून पिशवीत विकायचं ठरवलं, की खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. कृषी विभागाची परवानगी लागते आणि माल ठरलेल्या दर्जाचा असावा लागतो. उदाहरणार्थ, गांडूळखतात किमान १ टक्का नत्र, ०.८ टक्के स्फुरद, ०.८ टक्के पालाश आणि १८ टक्के सेंद्रिय कर्ब हवा, ओलावा १५ ते २५ टक्के. नमुना नापास झाला तर कारवाई विक्रेत्यावर होते.

सरकार पैसे कुठे देतं?

शरद पवार ग्रामसमृद्धी योजना: फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने रोजगार हमीतून गोठा, शेळ्यांचं आणि कोंबड्यांचं शेड व नाडेप कंपोस्ट अशी चार कामं एकत्र केली. दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला तेव्हा ७७,१८८ रुपये आणि नाडेपला १०,५३७ रुपये ठरले होते. गोठ्याच्या आराखड्यात २५० लिटरची मूत्रसंचय टाकी धरलेली आहे. ही टाकी कागदावर न राहता बांधली गेली, तर वाहून जाणारं नत्र हातात राहतं.

नाडेप: ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांची. दहा बाय सहा बाय तीन फुटांच्या जाळीदार विटांच्या टाकीत काडीकचरा, माती आणि फक्त शंभरेक किलो शेण वापरून टनांनी कंपोस्ट तयार होतं. ज्या जिल्ह्यात शेण कमी आणि पाचट-काडीकचरा जास्त, तिथे शेण पुरवून वापरायचा हा स्वस्त मार्ग आहे.

घरगुती बायोगॅस: दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे तीन-चार जनावरं लागतात. एक घनमीटर गॅस साधारण ०.४३ किलो एलपीजीच्या बरोबरीचा. म्हणजे संयंत्र पूर्ण क्षमतेने चाललं, तर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरइतका गॅस मिळतो. मुख्य म्हणजे शेणातलं नत्र गॅसमध्ये जात नाही, ते स्लरीत राहतं. गोवऱ्या जाळल्या तर इंधन मिळतं पण खत संपतं. बायोगॅसमध्ये दोन्ही मिळतं.

गोबरधन: २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत २०२०-२१ पासून जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. जून २०२३ मध्ये केंद्राने अशा प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनाला १,५०० रुपये विक्री साहाय्य मंजूर केलं. त्यासाठी तीन वर्षांची तरतूद १,४५१ कोटींच्या वर होती.

इथे थोडं थांबून बघा. हे १,५०० रुपये प्रकल्पातून निघालेल्या खताला आहेत. शेतकऱ्याने स्वतःच्या खड्ड्यात तेवढंच चांगलं खत केलं, तर हे साहाय्य त्याला मिळत नाही.

छत्तीसगड आणि नेदरलँड्स काय सांगतात?

शेणाला सरकारी भाव द्यायचा प्रयोग छत्तीसगडने केला. जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत शेण २ रुपये किलोने विकत घेतलं जायचं, म्हणजे टनाला २,००० रुपये. त्याचं गांडूळखत करून ते १० रुपये किलोने विकलं जायचं. यातून भूमिहीन पशुपालकाच्या हातात पैसा गेला. पण अन्नद्रव्यांच्या हिशोबाने हा भाव बराच वरचा होता. तयार खत त्या भावाने सतत विकलं जाईल, यावर सगळं गणित उभं होतं.

नेदरलँड्समध्ये परिस्थिती बरोबर उलटी आहे. छोटासा देश आणि जनावरांची दाटी. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट नियमांनुसार जनावरांच्या खतातून हेक्टरी १७० किलोपेक्षा जास्त नत्र टाकता येत नाही. जास्तीचं खत दुसऱ्याने न्यावं म्हणून तिथला शेतकरी पैसे मोजतो. तिथे कायदा जमिनीत किती खत गेलं ते मोजतो. आपला कायदा दावणीला किती जनावरं आहेत ते मोजतो. सोलापूरच्या बहुतेक जमिनीला खत कमी पडतंय, त्यामुळे युरोपचा नियम इथे जसाच्या तसा आणून उपयोग नाही. आपल्याला शेण अडवायचं नाही, ते योग्य शेतापर्यंत पोचवायचं आहे.

पुढचा पेच: शेणाला नवं गिऱ्हाईक

२०१८ च्या ‘सतत’ योजनेपासून सरकारी तेल कंपन्या काँप्रेस्ड बायोगॅस विकत घेतात. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये हा गॅस मिसळण्याचं प्रमाणही ठरलं आहे. २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२६-२७ मध्ये ३, २०२७-२८ मध्ये ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. एवढा गॅस करायला कच्चा माल लागेल. सोलापूर जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत, त्यांची प्रेसमड हा त्यातला एक मोठा स्रोत. दुसरा स्रोत शेण.

म्हणजे बागायतदाराला आजवर शेजारच्या गोठ्यातून मिळणाऱ्या शेणाला आणि कारखान्याच्या प्रेसमडला उद्या गॅस प्रकल्पही गिऱ्हाईक असेल. पशुपालकाला चार पैसे जास्त मिळाले तर चांगलंच. पण गॅस काढल्यावर उरलेली स्लरी त्याच परिसरातल्या शेतात परत आली नाही, तर गॅस शहराला जाईल आणि जमिनीचा कर्बही जाईल. ओली स्लरी लांब नेणं शेणाइतकंच महाग आहे. म्हणून असा प्रकल्प गावाजवळ येणार असेल, तर ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा: शेणाला भाव किती ते कळलं, स्लरी कुणाला आणि कुठल्या भावाने परत मिळणार?

तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी

- खत ट्रॉलीवर घेऊ नका, जमेल तेव्हा वजनकाट्यावर टनाने घ्या. भिजवलेल्या खतात तुम्ही पाण्याचे पैसे देता.
- अर्धवट कुजलेलं शेण शेतात टाकू नका. त्यातून हुमणी आणि तणाचं बी येतं. तयार खताला शेणाचा वास येत नाही, ते हातात भुसभुशीत लागतं.
- उकिरडा उघडा ठेवला तर उन्हात नत्र उडतं आणि पावसात वाहून जातं. सावली, खड्डा आणि वरून मातीचा थर एवढ्यानेही नुकसान कमी होतं.
- गोठ्याला उतार आणि मूत्राची टाकी करा. गोठा सुधारणेतली ही सगळ्यात कमी खर्चाची आणि जास्त परतावा देणारी गोष्ट आहे.
- १५ जनावरांच्या पुढे जाणार असाल तर आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बघा. गोठा बांधून झाल्यावर जागा बदलता येत नाही.
- अनुदानाचे दर बदलतात. अर्ज करण्याआधी पंचायत समिती किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चालू दर विचारून घ्या.

थोडक्यात, शेणाचा भाव तीन गोष्टींवर ठरतो: त्यात पाणी किती, शेत किती लांब आणि समोरच्या युरियावर अनुदान किती. यातली तिसरी गोष्ट दिल्लीच्या हातात आहे. पहिल्या दोन मात्र बऱ्याच अंशी गोठ्यात आणि गावातच सुटू शकतात.